बाहेरच्या जगाला पाच

अलेक्झांड्रिया,
१४ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

सलाम. आईचे गुडघे, शेळ्या, तुमचा खोकला, सगळं ठीक आहे असं धरून चालते. मुफ्ताहदादा, बाबांना वाचून दाखवताना मधलं गाळायचं नाही. तू गाळतोस, मला माहीत आहे.

मी बरी आहे. खोलीतल्या मुली मला अजून ‘वाळवंट’ म्हणूनच हाक मारतात. समुद्र इथेही आहे, पण आपल्याकडच्यासारखा वारा नाही.

आमच्या वर्गात अणुभट्टी नाही, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. नुसता संगणक आहे. त्यात भट्टी लिहायची: मधे इंधन, भोवती पाणी, मग पोलाद, मग काँक्रीटची भिंत. प्रोग्राम लाखो कण सोडतो आणि एकेकाच्या मागे जाऊन कोण कुठे अडलं ते बघतो. प्रत्येक जागा किती महत्त्वाची, त्याचा आकडा द्यावा लागतो; आकडा जितके पट मोठा, तितके तिथे शिरणाऱ्या एका कणाचे कण होतात. आतल्या जागांना एक. भिंतीपलीकडे जे उरतं त्याला ‘बाहेरचं जग’ म्हणतात, त्यालाही आकडा लागतो.

आम्हाला हे शिकवणारे डॉक्टर सासी ट्युनिसचे. त्यांनी फळ्यावर अरबीत ‘बाहेर’ लिहिलं आणि पुढे एक गोल काढला. बाकीच्यांनी धडा आधी वाचला होता. मी वाचला नव्हता. आपल्याकडे गोल म्हणजे पाच, म्हणून मी पाच लिहिले. ट्युनिसकडे आकडे युरोपातले, तिथे गोल म्हणजे शून्य. आपलं शून्य तर नुसतं टिंब.

मग काय, भिंत ओलांडली की एका कणाचे पाच व्हायला लागले आणि प्रोग्राम त्यांच्या मागे धावत सुटला. पडदाभर एकच ओळ: कण हरवला, कण हरवला.

“अगं मब्रूका, बाहेर काय मावशीचं लग्न आहे का?” सर म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला.

“बाहेर आमचं घर आहे, सर,” माझ्या तोंडून गेलं.

कोणी हसेना. सर म्हणाले, “शून्य म्हणजे तिथे कोणी राहत नाही असं नाही, पोरी. आपण मोजणं थांबवलं, एवढंच.” यात बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही. मी पाच खोडून शून्य केलं आणि प्रोग्राम मुकाट्याने चालला. त्याचाच जास्त राग आला.

आपली अंजिराची बाग अणुभट्टीच्या कुंपणात गेली त्या दिवशी मोजणीदाराने विचारलं होतं, कुंपणाच्या बाहेर काय आहे, आणि स्वतःच लिहून टाकलं, काही नाही. तुम्ही ते कितीदा सांगितलंय. मी हे भट्टीचं शिकायला निघाले तेव्हा तुम्ही चहाचे दोन पेले ओतलेत, तिसरा ओतला नाहीत. “कुंपणाच्या आतल्यांना दोनच,” म्हणालात. आपल्याकडे पाहुणासुद्धा तिसऱ्याशिवाय उठत नाही.

आता खरं सांगते, इतका वेळ शेळ्यांचं विचारत बसले. वर्गातून तिघांना तिथे घेतलंय, कुंपणाच्या आत, भिंतीची जाडी ठरवण्याच्या कामावर. त्यात माझं नाव आहे. रविवारी सही करायची.

मी परवानगी मागतेय की नुसतं कळवतेय, मलाच ठाऊक नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ऐकेन का, तेही ठाऊक नाही. भिंत पातळ पडली तर पलीकडे पहिलं घर आपलं आहे. ती मोजणाऱ्यांत एकीला तरी माहीत हवं की बाहेर एक म्हातारा बसलेला असतो. हे मला मनापासून वाटतं की नोकरीसाठी मी स्वतःची समजूत घालतेय? रोज वेगळं उत्तर येतं. बाबा, मला तुमची फार आठवण येते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते. आत बोलावलं नाहीत तर दाराशी बसेन. पण चहा ठेवा. एक पेला राहिलाय.

तुमची, बाहेरचीच,
मब्रूका