पुडी मामीची, नाव मयुरीचं

वडनेर भोलजी
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. मयुरीस,
मामीचा सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

इकडं सारं ठीक हाये असं लिहिलं असतं, पन खोटं काऊन लिहू? तुह्ये मामा परवा विहारात वंदना चालू असतानाच घामानं डबडबले अन् बसल्या जागी आडवे झाले. शेजारच्या धम्मरत्ननं गोड चहा पाजला, तवा डोये उघडले. फोन केला असता, पन तो यायच्याच उशाशी असते, अन् मले जे इचारायचं ते यायच्यासमोर इचारता येत नाई. म्हून पत्र.

तुले माहीतच हाये, मी बचत गटातल्या बायायले शुगरसाठी मेथी-कारलं-जांभयाची पुडी देतो. पुडीवाला दर महिन्याले आनून देते. मामाले बी तीन महिन्यापासून सकाय-संध्याकाय एक-एक चमचा देऊन राह्यली. आता गटातली वच्छलाबाई गावभर सांगत फिरते, का बेबीच्या पुडीनं बेबीचाच नवरा पडला. तिच्या तोंडाले कोन लागते!

माह्यं एक काम कर. तुह्या दवाखान्याच्या कागदावर चार ओयी लिहून पाठव, का ही पुडी झाडपाल्याची हाये, हिच्यानं अपाय होत नाई. खाली सही-शिक्का मार. तू आहारतज्ज्ञ. तुह्या नावावरच तं बायाइनं घेतली. प्राचीच्या साखरपुड्यात तूच मले म्हनली होतीस, का घ्या मामी, घरचंच हाये, काय होते त्यानं. मी ते साऱ्यायले सांगतलं. आता तूच मागं सरकली तं गटात तोंड कसं दाखवू?

तू जेवत जाय. गावाले जेवन शिकवते अन् सोता डब्यात बिस्किटं नेते, मले सारं समजते. मामीवर माया हाये ती राहू दे.

तुही,
बेबीमामी

•

बुलढाणा
दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. मामीस,
मयुरीचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचल्याबरोबर मामांना फोन केला. तुम्ही लिहिल्याचं बोलले नाही. पुडी आजपासून बंद करा, डॉक्टरांच्या शुगरच्या गोळ्यांना आपल्या मनानं हात लावू नका आणि उद्याच ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, एवढं सांगितलं. डॉक्टरांनी मागं विचारलं होतं म्हणे, आणखी काही घेता का. मामा नाही म्हणाले होते.

कागद मी देणार नाही, मामी. गोळी साखर उतरवते, पुडीही उतरवते. दोन्ही मिळून इतकी उतरवतात की माणूस पडतो. आणि तुमच्या पुडीवर ना चिठ्ठी ना नाव. आत आणखी काय आहे ते पुडीवाल्यालाच ठाऊक.

खरं सांगू? थकलेय मी. रोज तीस माणसं समोर बसतात. औषध काय घेता विचारलं की गोळ्या दाखवतात. काढा, रस, चूर्ण कुणी सांगत नाही, कारण ते औषध नाही, घरचं आहे. म्हणून खोदून खोदून विचारायचं, घसा बसेपर्यंत. वर कंपनीचा माणूस माझ्याच टेबलावर पावडरचे डबे ठेवून जातो, ते उचलून बाजूला करायचाही कंटाळा आलाय. साखरपुड्याच्या दिवशी सकाळची ओपीडी उरकून आले होते. हातात ताट होतं. तुम्ही विचारलंत आणि मी आपली सुटका करून घेतली. कोण घेणार, सोबत कोणती गोळी चालू आहे, एक शब्द विचारला नाही. अनोळखी बाईला मी असं उत्तर दिलं नसतं. तुम्ही माझ्या, म्हणून दिलं. फार लाज वाटते.

तुमच्या घरी राहून, तुमच्या हातचं खाऊन मी बारावी झाले. तुम्हाला नाही म्हणणं जिवावर येतं, पण नाहीच. जिला जिला पुडी दिली तिच्या घरी जा. परत घ्या. चूक मयुरीची म्हणून खुशाल सांगा.

रागवा, पण मला परकी करू नका.

तुमची,
मयुरी

•

वडनेर भोलजी
दि. २२ नोव्हेंबर २०२४

चि. मयुरीस,
मामीचा जयभीम व आशीर्वाद वि. वि.

तुह्यं पत्र वाचून दोन दिवस डब्याखाली दाबून ठेवलं. लय राग आला होता. वाटलं, पोरगी शिकली अन् मामीलेच शिकवाले लागली.

मामा बरे हायेत. डॉक्टरनं पुडी पाह्यली, कागदावर लिहून घेतलं अन् यायच्यावर चांगलाच डाफरला. मी यायले इचारलं, का डॉक्टरले आधी काऊन सांगतलं नाई. तं म्हने तू बाजूलेच बसेल होतीस, तुही पुडी कशी काढू चारचौघात. ते आयकून मी पदरात तोंड घालून रडली. अन् मंग चपला घातल्या.

आठ घरी गेली. वच्छलाबाईनं दारातच सारं आयकून घेतलं, पानी देल्लं, अन् हसली नाई. तेच जास्त लागलं. तुह्यं नाव मी एका बी घरी घेतलं नाई. ताट हातात असलेल्या पोरीले इचारनारी मीच. पुडीच खराब निंघाली, एवढंच सांगतलं.

आठवं घर मंजुश्रीच्या सासूचं. पुडी मी सासूले देल्ली होती, शुगरसाठी. सासूनं ते सुनेलेच चालू केलं, का रक्त साफ होते. मंजुश्रीले तिसरा महिना चालू हाये, मयुरी. आपल्याकडं तीन महिने भरेपर्यंत कोनी सांगत नाई, तसं तिनं बी सांगतलं नाई, सासूले बी नाई. अन् न सांगता नाई कसं म्हनन? रोज मुकाट्यानं पेली. मी परत मांगाले गेली तवा मले मोरीकडं नेऊन सांगतलं, का पोट दुखून राह्यलं. आज तशीच तिले नांदुऱ्याले डॉक्टरीनबाईकडं नेलं. पोटातल्या बायाचे ठोके हायेत म्हने. पन जपा, परवा परत आना, तवा सांगतो म्हनते.

हे फोनवर माह्या तोंडातून निंघालं नसतं, म्हून पत्र यष्टीच्या कंडक्टरजवय देऊन राह्यली.

येताना रिक्षात तिनं माहा हात धरला अन् इचारलं, का काकू, तुमच्या बुलढान्याच्या ताईनं चालते म्हनलं होतं ना, मंग माह्या बायाले काई होनार नाई ना.

मी म्हनलं, ताईलेच इचारू. परवा नांदुऱ्याले तू ये. तिले काय सांगायचं ते तूच सांग, मी बाजूले बसीन.

वाट पाह्यतो.

तुही,
बेबीमामी