निवळी पांढरी झाली नाही

सोमवार, २ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी आज स्पष्टच सांगितलं. शुक्रवारी तपासणीला साहेब येणार, आठवीच्या प्रयोगवह्या बघणार. वह्या पसंत पडल्या नाहीत तर माझा वर्ग टेपरेकॉर्डरकडे! टेपरेकॉर्डर म्हणजे आमचे विज्ञानाचे दुसरे सर. वीस वर्षं तीच उत्तरं, त्याच सुरात, स्वल्पविरामासकट सांगतात.

मी करते तरी काय? प्रयोगाचं पान मुलांकडून आधी वाचून घेते. मग पुस्तक मिटायचं, प्रयोग करायचा आणि जे दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. फळ्यावरून उतरवायचं नाही. एवढ्यानं आभाळ कोसळलंय. दोन पालकांची तक्रार आहे की वहीत ‘उत्तरं’च नाहीत. हा वर्ग गेला तर मला शाळेत पाऊल टाकावंसं वाटणार नाही. खरंच नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चुन्याची निवळी. सहा गट, सहा परीक्षानळ्या. निवळीत फुंकायचं, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं ती दुधाळ होते. तास संपत आलेला. मी टेबलाजवळूनच घाई करत होते — झाली ना पांढरी? झाली! लिहा आता.

घरी वह्या तपासल्या. छत्तीस जणांनी छान लिहिलंय. एकीनं मात्र — शेवटच्या बाकावरची, सावकाश लिहिते म्हणून सगळे तिला कासव म्हणतात — तिनं लिहिलंय, “मी तीनदा फुंकले. निवळी पांढरी झाली नाही. नुसते बुडबुडे आले.” शुक्रवारी हे साहेबांच्या पुढ्यात! डोकंच फिरलं. लाल शाईनं गोल केला, शेजारी लिहिलं, “लक्ष कुठे होते?”

बुधवार, ४ फेब्रुवारी

वह्या परत दिल्या. कासवानं तो गोल पाहिला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुपारी प्रयोगशाळेतलं कपाट आवरत होते. निवळीच्या बाटलीचं बूच सैल. वर पांढरी साय धरलेली. थोडी नळीत ओतून स्वतः फुंकलं. एकदा, दोनदा, दहादा. पाण्यासारखी स्वच्छ! हवा लागून केव्हाच निकामी झाली होती — बूच मीच नीट लावलं नव्हतं. आणि मंगळवारी सहाही गटांना याच बाटलीतली दिली होती.

म्हणजे छत्तीस जणांनी पाहिलंच नाही. पुस्तकातलं लिहिलं, माझ्या तोंडचं लिहिलं. कासवाच्या गटातल्या पाच जणांनी तीच नळी बघून ‘दुधाळ’ लिहिलंय. मग टेपरेकॉर्डरला मी कोणत्या तोंडानं हसते?

मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची, उद्याचा दिवस तेवढा पार पडू दे. घरी सासूबाईंना सांगितलं. त्याही एके काळच्या शिक्षिका. हातातली भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या, “चूक तुझी आणि लाल गोल पोरीला? उद्या आधी तो खोड.”

खोडते म्हणाले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

नाही खोडला. साहेब वेळेआधी आले, वह्या आधीच टेबलावर पोचल्या होत्या, मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या — कारणांना काय तोटा!

साहेब खूश. मुलं वाचतात, आपल्या शब्दांत लिहितात, असंच चालू ठेवा म्हणाले. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, वर्ग माझ्याकडेच राहील. हेच तर हवं होतं मला!

मग कासवाची वही. लाल गोलावर बोट ठेवून साहेबांनी विचारलं, “ही मुलगी कच्ची आहे का?”

कासव दारातच होती. उरलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आली होती.

मी म्हणाले, “हो.”

लाज वाटते लिहिताना. सोमवारी सगळ्या वर्गासमोर सांगणार, तिची माफी मागणार. यात आता बदल नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

वर्गात गेले. आधी गोल खोडावा, मग बोलावं, म्हणून कासवाची वही उचलली. आजच्या प्रयोगाचं पान उघडंच होतं. निरीक्षण लिहून तयार. सुंदर अक्षर, एकही चूक नाही.

प्रयोग अजून व्हायचा होता.