धाव की फेक

११ जाने., शनि.
ठक् ठाऽ ठाऽ. गुरुजींची पट्टी टेबलावर पडायची आणि आख्खा वर्ग भुजंगप्रयातात डोलायचा. इतकी वर्षं झाली, कानातून जात नाही. आज इथे दुबईत, अल क्वोजच्या मैदानात, लोखंडी पायऱ्यांवर काठी धरून बसलो होतो, तेव्हाही तेच.
सई, आमची नात, अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक. चेंडू आधी तिच्या हातात. पळणारीला द्यायचा, नाहीतर लांब फेकायचा. नव्या कोचनी दोन्ही चाली एकाच पवित्र्यातून बसवल्यात. एका ओळीत दोन अर्थ. उलगडा शेवटच्या क्षणी. खुणा सईने मला घरी चमचे मांडून शिकवल्यात. कोचनी टोपीला हात लावला की धाव, कोपर धरलं की फेक. धाव आली की माझ्या मनात भुजंगप्रयात, फेक आली की मंदाक्रांता, ऐसपैस.
पण शारजाच्या मुलींना दर वेळी आधीच कळलं. हरलो. कुणीतरी खुणा फोडतंय.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
कोच सईला म्हणाले, ही धाव-फेकीची मिसळ जमत नसेल तर तुझ्या जागी झोया. झोया परकारांची मुलगी. परकार मूळचे रत्नागिरीचे, राहतात शारजात. तिकडच्या पालकांशी सारखं हबीबी-हबीबी.
सरावाला तिळगूळ नेला. सगळ्यांना दिला. परकार जवळ आले तसं डब्याचं झाकण लावलं. त्यांनी पाहिलं बहुतेक.
मुलगा म्हणतो, "बाबा, संशय पुरे. करामाच्या फ्लॅटमध्ये राहताय, कादंबरीत नाही."

१८ जाने., शनि.
पुन्हा शारजा. पूर्वार्धात तेच, सगळं फुटलेलं. मध्यंतरानंतर परकार चहाला उठले. मी मागोमाग, घाईत काठीसुद्धा न घेता. दोघेही टपरीशीच उभे. आणि इकडे सईची चाल कुणाला ओळखताच येईना! बरोबरीत सुटलो.
परकार उठले आणि फुटणं थांबलं. आणखी काय पुरावा हवा?

१९ जाने., रवि.
सकाळीच कोचना फोन करून परकारांचं नाव सांगितलं. "ओके सर," एवढंच. सईचं काय ते उद्या ठरणार.
दुपारी सई चमचे मांडत होती. "टोपी... कोपर..." मग थांबली.
"आजोबा, यू ऑलवेज डू दॅट?"
माझी बोटं टेबलावर वाजत होती, टोपीला भुजंगप्रयात, कोपराला मंदाक्रांता. मला पत्ताच नाही.
"ग्राउंडवर पण सेम साउंड यायचा. त्या मुली वर स्टेप्सकडे बघायच्या."
बोटं मुठीत घेतली. काठी शोधली. कोपऱ्यात नव्हती, पायऱ्यांवरच राहिलेली.

संध्या.
हे लिहितोय तोच बेल. सुनेने दार उघडलं. परकारांचा आवाज.
"आजोबांची काठी राहिली होती, वहिनी. खालचं रबर पार गेलेलं, लोखंडावर फार वाजायची. नवीन बसवलंय."
कोचनी त्यांना काही सांगितलं असेल का? आवाजावरून धाव की फेक, कळत नाही. सून बसा म्हणाली, ते बसले. तिळगुळाचा डबा त्यांच्यासमोरच, झाकण लावलेला.
आजोबा आहेत ना घरात, विचारतायत.