माळावर जायची अट

राधाकिशन भावजींस, वहिनीचा नमस्कार.

काल बैठकीत तुमी विचारलं, नदीकाठची घरं सोडून वर माळावर जायला कोण कोण तयार हाय. सोसायटीचे चेअरमन म्हणून तुमी केजहून मुद्दाम आलतात. गड्यांनी भराभर हात वर केले. आमी बाया गप बसलो, तर तुमी म्हणालात, "बायांना पुराचं भ्याच न्हाई."

भ्या कसं न्हाई? मागच्या पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत आलतं. सासूबाईंना पाठीवर घेऊन मीच निघालते. पण माळावरची घरं सोडून आपण खाली कावून आलतो, ते तुमी विसरलात. दुष्काळात नदीच्या वाळूत झिरा खणला की पाणी लागायचं, म्हणून आलतो. त्याआधी घागरी घेऊन माळ चढताना माझी मान कशी धरायची, ते तुमी पाहिलंय. तुमच्या अंघोळीचं पाणीबी त्यातच असायचं.

आमी येणार, भावजी. घर हलवायचं आमाला नवं न्हाई. ऊस तोडायला गेलं की दरसाल नवी कोपी बांधतोच. पण आधी माळावर नळ आणा. तोवर नदीचं पाणी वर गडी वाहतील, असं आमी साऱ्या जणींनी ठरवलंय, आणि सुरुवात चेअरमनपासून.

हे पत्र धाडत न्हाई. उद्या परत बैठक हाय, तोंडानंच सांगते. डोक्यावर घागर टोचू नये म्हणून तुमच्यासाठी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून ठेवलीय.

तुमची वहिनी,
भिवराबाई