चौदा वह्या आणि न मोजलेल्या शेपट्या

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, मत्स्यसंशोधन संस्थेचा निवृत्त गणनाप्रमुख, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वहस्ते लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते पुतण्याच्या ओळखीचे निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडूनही घेतला. दोन्ही सोबत जोडले आहेत.

१. राहते घर व बँकेतील ठेवी मुलीला. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे, पण पुतण्याने सुचवलेल्या दलालामार्फत नको.

२. वाचायचे भिंग व टेबलावरचा दिवा शेजारच्या शिंपीमामांना. तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काहीही मागितले नाही. आधी मला याचाच संशय येई. त्यांना वस्तू मिळणार असल्यामुळे ते या कागदाला साक्षीदार नाहीत.

३. पुतण्याला माझा लोकरीचा कोट. तो देवमाशांची शिकार करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सहा वर्षे त्याने साधा फोन केला नाही. शिकारीची मर्यादा ठरवणाऱ्या आयोगाची बैठक जाहीर झाली आणि स्वारी दर रविवारी फळे घेऊन हजर. मागच्या खेपेस म्हणाला, "काका, कपाटातली ती जुनी रद्दी मी नेऊ का? उगाच धूळ जाते तुमच्या छातीत." माझ्या छातीची त्याला आजवर काळजी नव्हती. कोटाचे खिसे मी तपासून रिकामे केले आहेत.

४. ती रद्दी, म्हणजे चौदा वह्या. पूर्वी देवमासे किती होते हे कोणी मोजून ठेवलेले नाही. आम्ही ते जुन्या शिकारी जहाजांच्या रोजनिशांवरून काढत असू. मारलेले जितके जास्त, तितका मूळचा कळप मोठा. मासा हाती लागला की रोजनिशीत अख्ख्या माशाचा शिक्का मारत. भाला लागूनही दोर तुटून निसटला तर नुसत्या शेपटीचा. मी अख्खे शिक्के मोजले. शेपट्या म्हणजे जिवंत सुटलेले, असे ठरवून सोडून दिल्या. आकडा आला एकोणीस हजार, आणि आयोग आजही तोच धरतो. आज समुद्रात बारा हजार आहेत, आणि मूळच्या निम्म्याहून जास्त भरले की शिकारीला परवानगी, असा आयोगाचा नियम आहे.

माझी मदतनीस, जिला कचेरीत सगळे चष्मेवाली म्हणत, तेव्हाच म्हणाली होती, "सर, अंगात भाला घेऊन गेलेला मासा जगतो का हो? बुडतो तो. शेपट्या धरायला हव्यात." मला वाटले, हिला शिकारविरोधी मंडळींनी पढवून पाठवले आहे, शिवाय माझ्या खुर्चीवर हिचा डोळा आहे. मी तिची बदली बर्फाच्या गोदामातल्या नोंदींवर केली. जाताना तिने मोजणीचे सगळे कागद नीट लावून माझ्या टेबलावर ठेवले. त्यातही मला आगाऊपणा दिसला.

निवृत्तीनंतर तिला खोटे पाडण्यासाठी मी घरी बसून शेपट्या मोजल्या आणि याच चौदा वह्यांत उतरवल्या. त्यांतले काही मासे जगले असतील म्हणून सूट दिली, तरी मूळचा आकडा एकतीस हजारांवर जातो. म्हणजे आजचे बारा हजार निम्मेही नाहीत. याला अकरा वर्षे झाली. कोणी पळवील म्हणून वह्या दोन कुलुपांत ठेवल्या, असे मी सांगत आलो. खरे म्हणजे मला लाज वाटत होती. चौदाही वह्या चष्मेवालीला द्याव्यात.

५. इथवर लिहिलेले साक्षीदार मुख्याध्यापिकाबाईंनी वाचले आणि विचारले, "अहो, पण हे उघडायचं तुम्ही गेल्यावर ना? बैठक तर या सोमवारी आहे." सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, मी तेवढा राहिलो होतो. पाकीट बंद करून आणखी दहा वर्षे जगायचे आणि सुटायचे, हा माझा बेत होता. सबब कलम ४ मृत्यूनंतर नव्हे, आजच अमलात यावे. तिला निरोप धाडला आहे. चूक माझी असल्याचे पत्र मी सहीनिशी देईन, आणि माफी समोरासमोर मागेन.

स्थळ: माझी खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ३ मार्च, शुक्रवार
(सही)

साक्षीदार १, निवृत्त मुख्याध्यापिका: सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार २, खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते: चौदा वह्या आमच्यादेखत दिल्या. घेणाऱ्या बाईंनी त्या दोनदा मोजल्या. यांनी माफी मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, "ते सोमवारनंतर बघू, सर. आता चपला घाला, आयोगाच्या कचेरीत तुम्हीपण चला." दोघे तिकडेच गेले आहेत. (सही)