यू आर ग्रँड

ब्लँचर्डस्टाउन, रविवार

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही तिघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? खरं कळवा, मीही खरंच लिहितेय.

नगरसेवकपदासाठी पक्षाचं तिकीट मला मिळालं नाही. सदस्यांच्या मतदानात अकरा मतं कमी पडली. त्यांच्या घरोघरी गेले तेव्हा निम्मे जण हसून, इथल्या आयरिश बोलीत, "यू आर ग्रँड" म्हणाले. मी त्यांना आपल्या बाजूचे धरून बसले. स्वराली काल म्हणाली, "आई, दॅट मीन्स नो थँक्स." सात वर्षांच्या पोरीला कळतं ते मला कळलं नाही.

हरल्याचं एवढं नाही. पण माझ्याच पक्षातल्या डेक्लनने, जो जिंकला, मतदानाआधी सगळ्यांना मेसेज पाठवला होता की ही बाई दोन वर्षांत इंडियाला परत जाणार. आम्ही इथे घर घेतलंय, बाबा. उलट त्यानेच मागे ऑस्ट्रेलियाला कायमचं जायची खटपट केली होती. पियूष म्हणाला, हे आपणही सगळ्यांना कळवू. मी नको म्हटलं. कुणाची उणीदुणी काढायची नाहीत ही शिकवण तुमची, म्हणून आज रागही तुमचाच येतोय.

निकालानंतर डेक्लन हात पुढे करून आला. म्हणे, मनावर घेऊ नकोस, राजकारण आहे. आता प्रचाराला माझ्याबरोबर इंडियन लोकांच्या घरी चल, ते तुझं ऐकतील.

मी हसून म्हटलं, "यू आर ग्रँड, डेक्लन."

त्याला अर्थ लगेच कळला.

रागावलेली, तरी तुमचीच,
रेवा