थोरल्याचा आवाज

तीर्थस्वरूप भावोजी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो पत्रातच उरकतोय, समोर आलात की नुसती मान लववेन, ती गोड मानून घ्या). तब्येत कशी आहे? खोकला गेला का? डोळ्यांत थेंब घालायला शेजारचं कुणी येतं, की अजून आरशात बघून अर्धे थेंब गालावर घालता? इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, आणि एक माणूस सोडलं तर ते खरंही आहे.

ते एक माणूस म्हणजे तुमची लाडकी भाची, आमची पोरगी. तिचा तो मोबाइलवरचा खेळ, ज्यात आपण लाखो वर्षांपूर्वीचा समुद्रातला शिकारी प्राणी व्हायचं आणि दिसेल त्याला खायचं, तो बाजारात येण्याआधीच तिच्या कंपनीने बंद केला. मी हिशेबी माणूस, म्हणून आधी त्याला खरं काय लागलं ते मांडतो. कंपनीचे पैसे कंपनी मोजेल. आपल्या घरातून गेलं ते असं: पोरीची तीन वर्षं, हिची स्टीलची बादली (भरलेल्या टाकीत आपटल्यावर कसा आवाज येतो ते बघायला आपटली, आता जमिनीवर ठेवली की डुलते), आमचा मिक्सर (तो उघडला मी, पण कारण खेळच), आणि शेजारच्या बाईंशी असलेला घरोबा. त्यांनी एकदा ‘हल्ली काय करतेस गं?’ विचारलं, पोरीने ‘सध्या दात करतेय’ असं खरं ते सांगितलं, आणि बाई दुसऱ्या दिवशी आपली दाढ घेऊन दारात. आम्ही दाढ बघितली नाही म्हणून त्या अजून आमच्याकडे बघत नाहीत. जमेच्या बाजूला चहाचे खोकंभर मग. त्यांवर जबडा उघडलेल्या प्राण्याचं चित्र आहे. खेळ येणार म्हणून कंपनीने ते आधीच छापून घेतले होते, खेळ गेला तेव्हा वाटून टाकले. सध्या आम्ही चहा त्याच्या तोंडातून पितो.

बंद कसा केला ते ऐका. मोठे साहेब (वयाने माझ्या निम्मे, पण तिथे त्यांना मोठेच म्हणतात) यांनी पोरीसकट खेळ करणाऱ्या सहाही जणांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि अतिशय गोड बोलले. मी या पंपदुरुस्तीच्या धंद्यात एक शिकलोय भावोजी, गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की पंप परत येणार. साहेब म्हणाले, काम अप्रतिम आहे, पण लोकांना हल्ली फोनवर रंगीत गोळ्या जुळवायच्या असतात, दात कुणाला हवेत? तेव्हा आता तुम्ही गोळ्या करा. पोरगी खोकं उचलून घरी आली. म्हणाली, ‘बाबा, आता पुन्हा कसलाच खेळ करायचा नाही मला.’ त्या दिवसापासून रोज सकाळी आवरून वर्कशॉपच्या काउंटरवर येऊन बसते आणि बिलं लिहिते. अक्षर सुंदर, बेरीज बिनचूक, आणि तोंडातून शब्द नाही. तिने हा पंपांचा धंदा सांभाळावा म्हणून मी किती डोकं फोडलं होतं ते तुम्ही बघितलंय. आता ती बसलीय, तर मला त्या खुर्चीकडे बघवत नाही. परवा एक जुनं गिऱ्हाईक हसून म्हणालं, ‘शेठ, मुलगी शेवटी लाइनीवर आली म्हणायची!’ मी त्याची मोटर पुढच्या आठवड्यावर ढकलली.

खेळ मी स्वतः खेळलोय, म्हणून अधिकाराने सांगतो, वाईट नव्हता. सुरुवातीला आपण बोटभर पिल्लू असतो आणि खात खात मोठं व्हायचं असतं. एका पान्यावर धंदा उभा केलेल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. मी ठरवलं, शिकार म्हणजे गिऱ्हाईक. मागे धावलं की पळतं. त्यापेक्षा दुकान उघडून गप्प बसावं. म्हणून मी माझं पिल्लू एका खडकाआड नेलं आणि वाट बघत बसलो. इतकी वाट बघितली, की खेळणारा झोपला असं समजून खेळ आपोआप बंद झाला. मी झोपलो नव्हतो. (ही म्हणते, फोन तुमच्या छातीवर होता. छातीवर फोन ठेवून माणसाला जागं राहता येतं.) पुढच्या वेळी मग अंगात आल्यासारखा धावलो आणि स्वतःच्याच आईला चावलो. तिने मला खाल्लं. पोरगी डोळे विस्फारून म्हणाली, ‘बाबा, असं आजवर कुणीच केलं नव्हतं!’ मी ते कौतुक म्हणून घेतलं. पण तिने त्यावर विचार केला आणि खेळ बदलला. तेव्हापासून त्या समुद्रात आई पिल्लाला खात नाही, नुसती शेपटीने फटका देते. माझी एवढी भर त्यात आहे.

त्याहून मोठी भर आवाजांची. हे प्राणी कसे ओरडायचे ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं आणि हाडं बोलत नाहीत. पोरगी तिथे अडली आणि माझ्याकडे आली. आता माझ्या कानाबद्दल तुम्हाला काय सांगायचं! गिऱ्हाइकाने घरून फोन नुसता पंपाजवळ धरला, तरी बेअरिंग गेलंय की पंपाने हवा धरलीय ते मी इथे बसून सांगतो. या कानाने मला आजवर एकदाही फसवलेलं नाही. पिल्लाचं रडणं म्हणजे ओल्या फडक्याने काच पुसणं, हे मीच काढून दिलं. जबडा मिटण्याचा आवाज आमच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाचा. राहिला थोरला. थोरला म्हणजे त्या समुद्राचा धनी, मगवरच्या चित्रातला, बसपेक्षाही लांब. आणि हा मासा नव्हे बरं का, याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. पोरीची कल्पना अशी, की थोरला आधी दिसता कामा नये. काळ्याभोर पाण्यात नुसता त्याचा श्वास यावा आणि खेळणाऱ्याचे हात गार पडावेत. तसा श्वास काही केल्या सापडेना. कंप्रेसर झाला, सायकलचा पंप झाला, मी स्वतः रिकाम्या पिंपात तोंड घालून झालं (तोंड निघालं, पण जरा वेळाने).

आणि मग तुम्ही आलात. ताईला जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही पहिल्यांदाच एकटे मुक्कामाला आला होतात, आणि काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं म्हणून ही तुम्हाला नुसती वाढत होती. जेवण झाल्यावर आपण दोघं हॉलमध्ये आडवे झालो, तुम्ही खिडकीशी, मी दाराशी. पोरीने गच्चीवरची टाकी भरतानाचा आवाज धरायला आपला रेकॉर्डर खिडकीत ठेवला होता. चहाच्या वेळी तिने तो मधूनच कुठेतरी लावला आणि सगळ्यांनी कप खाली ठेवले. टाकी कुठल्या कुठे! आधी लांबवर गुरगुर, मग ती खोलातून वर येत येत असा काही फुत्कार, की दारातलं मांजर उठून गेलं. पोरगी नाचायलाच लागली. ‘हाच! हाच माझा थोरला! कोण आहे हा?’ मी क्षणाचा विलंब न लावता तुमच्याकडे बोट केलं. पुरावाही दिला. दर फुत्कारानंतर जरासा थांबा, आणि मग एक बारीक सळसळ, पान उलटल्यासारखी. मी म्हटलं, हे वाचणाऱ्या माणसाचं घोरणं आहे, मजकूर संपल्याशिवाय पुढे जात नाही. भावोजी जन्मभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली ग्रंथपाल म्हणून बसले, तो सगळा साठलेला आवाज आज माझ्या हॉलमध्ये मोकळा केला! सगळे पोट धरून हसले. तुम्ही बशीकडे बघत एवढंच म्हणालात, ‘असेल.’ (मी स्वतः घोरत नाही. दुपारी तर झोपतही नाही. नुसते डोळे मिटून पडतो, कान चालू असतो.)

पोरीने त्यातला हवा तेवढा तुकडा कापून खेळात घातला. त्या सळसळीवर तर सहाही जणांचा जीव. थोरल्याचं पोट वाळूवर घासल्याची ती खूण ठरली. खेळून बघायला दिलेल्या एका माणसाने तो श्वास ऐकून फोन पलंगाखाली फेकला, त्या दिवशी पोरीने आम्हाला आइस्क्रीम आणलं.

पण तेव्हापासून तुम्ही मुक्काम करत नाही. येता, जेवता, आणि संध्याकाळच्या बसने परत. आग्रह केला की म्हणता, ‘नको रे, उगाच झोपेचं खोबरं.’ भावोजी, मला ते लागतं. चेष्टा करताना मी जरा सैलच सुटलो. एकट्या पडलेल्या माणसाला घोरतोस म्हणून सांगू नये; खातरी करून घ्यायला त्याच्याजवळ कुणी उरलेलं नसतं. ताई असती तर तिने तिथल्या तिथे मला झापलं असतं, आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं.

बाकी सगळं ठीक. हिचा नमस्कार. थेंब डोळ्यांत घाला.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. येत्या रविवारी संध्याकाळी कंपनी त्या खेळाचा सर्व्हर बंद करणार आहे, मग तो कुठल्याच फोनवर उघडणार नाही. त्याआधी दुपारी ती सहाही जणं आमच्या वर्कशॉपमध्ये जमून शेवटचं खेळणार आहेत. मी पोरीला विचारलं, बाई, तुला काय हवं ते सांग, आणतो. ती बिल फाडत म्हणाली, ‘काकांना थोरला दाखवायचा राहिला.’ एवढंच. तेव्हा या. राहायला या. हवं तेवढं घोरा, कुणी चकार शब्द काढणार नाही, मी तर नाहीच.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच काउंटरवरून कसला तरी आवाज आला. मला वाटलं, पोरगी रडतेय. गेलो तर हेडफोन कानाला, डोकं बिलबुकावर, आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी. ऑफिसातून आणलेल्या खोक्यात, मगांच्या तळाशी, तिला तिचा तो रेकॉर्डर सापडला होता. त्यात ती दुपार अख्खी होती. कापलेल्या तुकड्याच्या मागचंपुढचं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. तिने हेडफोन माझ्या कानाला लावला. थोरला जोरात चाललाय. सळसळ आहे, आणि ती वर्तमानपत्राची आहे, कारण वाचणारा मधेच एक बातमी स्वतःशी पुटपुटतो. मग पावलं. मग पंख्याच्या बटणाचा खटका, पंखा एकाने कमी (आमचाच पंखा, तो मात्र मी ओळखला). आणि मग थोरल्याच्या अगदी जवळ, हळू, तुमचा आवाज: ‘वळ रे बाबा कुशीवर. दमतोस फार.’ आणि थोरला वळतो.

भावोजी, तुम्हाला ठाऊक होतं. चहाच्या वेळी ठाऊक होतं, आणि वरची सगळी पानं वाचतानाही ठाऊक असणार. मी ती फाडायलाच निघालो होतो, पण पोरीने हातातून ओढून घेतली. म्हणाली, ‘राहू देत बाबा, काकांना मजा येईल.’ आता ती मला थोरले म्हणते. जेवताना ताट बाजूला सारून एका बिलाच्या पाठीमागे काहीतरी काढत होती. एक अवाढव्य प्राणी झोपलाय, आणि एक इटुकला मासा त्याला न उठवता त्याच्याभोवती आवराआवर करतोय. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, ‘काही नाही, उगाच.’ मग पाठकोरं आणखी एक बिल मागून घेतलं. मी अख्खं बिलबुक सरकवलं. साहेबांच्या गोळ्यांना तिने ‘नाही’च कळवलंय, पण हे उगाच जे काही आहे ते तुम्ही रविवारी तिच्याकडून ऐका. मला ती सांगायची नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

झोपेचं खोबरं कुणाचं होत होतं तेही ध्यानात आलं. तुमचं अंथरूण वरच्या खोलीत घालतो, माझं खाली वर्कशॉपमध्ये, मधे दोन दारं. हिला हे सगळं सांगायला गेलो, तर झोपायच्या तयारीत असलेल्या हिने कानातला कापूस काढून ‘काय म्हणालात?’ असं विचारलं. लग्न झाल्यापासून ही रोज कापूस घालून झोपते. मी समजत होतो, हिला वारा सोसत नाही.